परसातली वेगळी चूल

मराठीत ‘वेगळी चूल मांडणे’ याचा अर्थ घर फुटणे असा होतो. परंतु अमेरिकेच्या उपनगरांत हा वाक्प्रचार शब्दशः खरा करूनही घर न फोडणारी एक व्यवस्था रूढ झाली असून, तिला ‘आउटडोअर किचन’, म्हणजे घराबाहेरचे स्वयंपाकघर, असे म्हणतात. घरातील शेगडी, ओव्हन, सिंक आणि फ्रीज सुस्थितीत असताना त्याच घराच्या परसात दगडविटांचा ओटा बांधून त्यात दुसरी शेगडी, दुसरे सिंक आणि दुसरा छोटा फ्रीज बसवणे, हे या व्यवस्थेचे स्थूल स्वरूप होय. या ओट्याला ‘आयलंड’, अर्थात बेट, म्हणण्याचा प्रघात आहे; आणि जुलैच्या दुपारी पाहुणे घरातील गार हवेत बसलेले असताना हातात चिमटा घेऊन त्या ओट्यामागे एकटाच घाम गाळणारा यजमान पाहिला, की हे नाव देणाऱ्याच्या निरीक्षणशक्तीला दाद द्यावी लागते.

या बेटाचा अधिपती म्हणजे ‘बिल्ट-इन गॅस ग्रिल’. ‘ग्रिल’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बाल्कनीचे लोखंडी जाळे, त्यातली तुळशीची कुंडी आणि वाळत घातलेली फडकी येतात, म्हणून आरंभीच खुलासा करणे इष्ट ठरेल की, येथे अभिप्रेत असलेले ग्रिल म्हणजे सळ्यांच्या जाळीवर पदार्थ ठेवून खालून आच देण्याचे, झाकण असलेले साधन होय. त्याचे पाय, चाके आणि बाजूच्या फळ्या वगळून उरलेला देह ओट्यातील कोनाड्यात कायमचा बसवला, म्हणजे ते बिल्ट-इन होते. हा भेद मराठीला नवा नाही, कारण शेगडी उचलून नेता येते आणि चूल जागची हलत नाही, हे ठाऊक असणाऱ्याला चाकांचे ग्रिल ही शेगडी आणि बिल्ट-इन ग्रिल ही चूल, एवढे सांगितले तरी पुरते. फरक इतकाच की मातीची चूल खचली तर घरातली बाई दुपारच्या वेळात ती पुन्हा घालून, सारवून मोकळी होत असे, तर या चुलीसाठी गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, नगरपालिकेचा परवाना आणि वसाहतीच्या समितीची लेखी संमती लागते. शिवाय साध्या चाकांच्या ग्रिलपेक्षा अवयव कमी असूनही तिची किंमत पुष्कळदा जास्त असते.

या साधनाचा इतिहास काटकसरीपासून सुरू होतो, ही गोष्ट त्याचे आजचे भाव पाहता खरी वाटत नाही. १९२० च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या मोटारींसाठी लागणारे लाकूड कापताना उरणारे तुकडे आणि भुसा फुकट जाऊ नये, म्हणून मिशिगन राज्यात त्यांचा कोळसा करून वड्या पाडण्याचा कारखाना निघाला, आणि मोटार विकणाऱ्या दुकानांतून या वड्याही विकल्या जाऊ लागल्या. पुढे १९५२ साली शिकागोजवळ, पत्र्याच्या वस्तू बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी, समुद्रात खुणेसाठी सोडण्याचा धातूचा पोकळ गोळा, म्हणजे बोया, मधोमध कापून त्याच्या खालच्या भागात कोळसा पेटवला आणि वरचा भाग झाकण म्हणून वापरला. वेबर कंपनीच्या प्रसिद्ध गोल ग्रिलचा जन्म असा झाला. १९६० च्या दशकात गॅसवरची ग्रिले बाजारात आली आणि त्यांचा पुरस्कार करणाऱ्यांत गॅस विकणाऱ्या कंपन्या आघाडीवर होत्या, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. अशा रीतीने ज्या कुळाचा मूळपुरुष पाण्यावर तरंगत होता, त्याच्या वंशजाला अखेर बेटावर नेऊन दगडात चिणण्यात आले.

निवडीचा पहिला निकष आकार हा होय. बिल्ट-इन ग्रिलची रुंदी साधारणतः ३०, ३६ किंवा ४२ इंच अशा पायऱ्यांनी वाढते, आणि तिचे सामर्थ्य सांगण्यासाठी उत्पादकांनी ‘एका वेळी किती बर्गर’ हे परिमाण स्वीकारले आहे. बर्गर म्हणजे पावात घालायची खिम्याची चपटी वडी. अमेरिकन ग्राहकाला या परिमाणाने तात्काळ बोध होत असला, तरी न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबापुढे रूपांतराचा प्रश्न उभा राहतो, कारण तीस बर्गर म्हणजे मक्याची कणसे किती, भरताची वांगी किती आणि पनीरच्या सळ्या किती, याचे कोष्टक कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नसते. त्यातही वांगे हे मुळात मापनास प्रतिकूल असे फळ आहे. ते गोल असल्याने जाळीवर घरंगळते, देठामुळे झाकण नीट बसू देत नाही, आणि एकाच टोपलीतल्या दोन वांग्यांचे आकारमान सहसा जुळत नाही.

आकाराला लागूनच बर्नरच्या संख्येचा विचार येतो. पाश्चात्त्य पाकशास्त्रानुसार तीन किंवा चार बर्नर असण्याचे प्रयोजन असे की, एका बाजूस प्रखर आणि दुसऱ्या बाजूस मंद आच ठेवून जाळीवर उष्णतेचे निरनिराळे पट्टे निर्माण करता यावेत. मराठी गृहस्थ हेच पट्टे समाजशास्त्रीय दृष्टीने पाहतो. पहिला बर्नर कोंबडीचा, दुसरा मासळीचा, तिसरा शुद्ध शाकाहाऱ्यांचा, आणि चौथा चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य करणाऱ्या मावशींचा, अशी वाटणी मनात आधीच झालेली असल्याने, दुकानातील विक्रेता तीन बर्नर पुरेत असे कळकळीने सांगत असताना ग्राहक चारवर का अडून बसला आहे, याचा उलगडा त्या विक्रेत्याला होत नाही. जाळी मात्र सलग असते आणि कोंबडीचा रस सीमारेषा मानत नाही, हे सत्य पहिल्या मेजवानीत उघड होते. त्यानंतर तिसऱ्या बर्नरच्या कडेने अॅल्युमिनियमच्या फॉइलची जी भिंत उभारली जाते, तिला सोवळ्याचा आधुनिक अवतार म्हणण्यास हरकत नाही.

दुसरा निकष उष्णतेचा असून त्याचे एकक ‘बीटीयू’ हे आहे. बीटीयू म्हणजे ब्रिटिश थर्मल युनिट, अर्थात एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवण्यास लागणारी उष्णता. ब्रिटिशांनी अमेरिका सोडून अडीचशे वर्षे होत आली तरी अमेरिकेने त्यांचे हे एकक सोडलेले नाही. एक आगकाडी पूर्ण जळली की साधारण एक बीटीयू उष्णता मिळते, असा ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने ताशी ६०,००० बीटीयूचे ग्रिल म्हणजे तासाला साठ हजार काड्या, किंवा पन्नास काड्यांच्या बाराशे पेट्या. ज्या समाजात एका काडीत चूल पेटवणारी सून सुगरण ठरत असे, त्या समाजातील माणसाला या आकड्याने भोवळ यावी हे स्वाभाविक आहे. परंतु तो आकडा सर्व बर्नरांची बेरीज असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे भोवळ ओसरते, कारण घरातील सर्वांच्या वयांची बेरीज करून आपले घराणे तीनशे वर्षांचे आहे असे सांगण्याचाच तो प्रकार होय. खरा प्रश्न त्या बेरजेला जाळीच्या क्षेत्रफळाने भागल्यावर काय उरते, हा आहे. जाळी ६०० चौरस इंच असेल तर वरील ग्रिलच्या वाट्याला दर चौरस इंचास १०० बीटीयू येतात, आणि ८० ते १०० हे प्रमाण जाणकार पुरेसे मानतात. झाकण पातळ असेल आणि फटींतून धग बाहेर जात असेल, तर हा भागाकारही कागदावरच राहतो. झाकणावरच्या तापमापकावरही फार विसंबून चालत नाही, कारण तो झाकणाजवळच्या हवेचे तापमान सांगतो, आणि पदार्थ खाली जाळीवर असतो.

तिसरा निकष धातूचा आहे आणि या प्रांतात मराठी घराण्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. बाहेरच्या हवेत टिकणाऱ्या ग्रिलसाठी ३०४ क्रमांकाचे स्टेनलेस स्टील चांगले समजतात. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणजे स्वयंपाकघरातील भांड्यांच्या तळाशी ‘१८/८’ असा शिक्का मारलेला असतो तेच हे पोलाद. ४३० क्रमांकाच्या स्वस्त पोलादात निकेल जवळजवळ नसते, त्यामुळे ते गंजण्यास लवकर राजी होते. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यासाठी मात्र मॉलिब्डेनम मिसळलेले ३१६ लागते. दिसायला सारी चकचकीतच असल्याने ओळख पटवण्यासाठी लोहचुंबक लावून पाहण्याची रीत आहे, कारण ४३० ला तो चिकटतो आणि ३०४ ला सहसा चिकटत नाही. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून पातेले घेताना ते नखाने वाजवून, हातावर तोलून आणि तळ उन्हात धरून पाहणाऱ्या पिढीतील सासूबाई सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी अमेरिकेत आलेल्या असतील, तर ही परीक्षा त्यांच्याकडेच सोपवणे श्रेयस्कर ठरते. फ्रीजवरचा गणपतीचे चित्र असलेला चुंबक पर्समध्ये घालून त्या दुकानात जातात आणि हजारो डॉलरांच्या ग्रिलवर तो निर्विकार चेहऱ्याने ठिकठिकाणी टेकवतात. ३०४ चा पत्रा वाकवताना घडीपाशी त्याच्यात थोडे चुंबकत्व येऊ शकते, हा खुलासा विक्रेता देतो आणि तो शास्त्रशुद्धही असतो. तथापि ज्यांनी बोहारणीचे खुलासे तीस वर्षे ऐकलेले आहेत, त्यांच्यावर अशा शास्त्राचा परिणाम मर्यादित होतो.

इंधनाची निवड ही पुढची पायरी होय. ग्रिल एकतर टाकीतल्या प्रोपेनवर चालते किंवा घराला नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर, आणि मुंबईत सिलिंडरवाले घर व पाइपच्या गॅसचे घर यांत जो स्वाभिमानाचा फरक पडतो तसाच तो येथेही पडतो. दोन्ही वायूंचा दाब आणि उष्मांक निराळे असल्याने बर्नरला वायू पोचवणारी छिद्रेही निराळ्या मापाची असतात. प्रोपेनसाठी पाडलेल्या बारीक छिद्रांतून नैसर्गिक वायू सोडला तर साठ हजारांचे ग्रिल समईसारखे तेवते, आणि उलट चूक केली तर भुवया जातात. प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून गळल्यास तळाशी साचतो, नैसर्गिक वायू हलका म्हणून वर चढतो. त्यामुळे ओट्याला झरोके ठेवताना पहिल्यासाठी ते खाली आणि दुसऱ्यासाठी वर लागतात. प्रोपेनची प्रचलित टाकी २० पौंडांची, म्हणजे सुमारे ९ किलोची असते आणि सर्व बर्नर पूर्ण उघडल्यास साठ हजारांचे ग्रिल ती सुमारे सात तासांत रिती करते. अदलाबदलीच्या केंद्रांवर याच टाकीत पुष्कळदा १५ पौंडच वायू भरलेला असतो. १४.२ किलोचा लाल सिलिंडर दारात काट्यावर तोलून घेण्याच्या संस्कारात वाढलेला माणूस हे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात एक वजनकाटा विकत घेतो, आणि टाकीत किती उरले आहे हे पाहण्यासाठी तिच्या अंगावर गरम पाणी ओतून कोठवर गार लागते ते हाताने चाचपण्याची विद्या शेजारच्या अमेरिकन गृहस्थाला शिकवू जातो. ती त्याला आधीच अवगत असते, आणि दोन संस्कृतींचा खरा स्नेह बहुधा येथून सुरू होतो.

यानंतर अलंकारांचा विभाग येतो. आतल्या दिव्यांवर, मागच्या भिंतीतील बर्नरसमोर कोंबडी फिरवत ठेवणाऱ्या विजेच्या सळईवर आणि निळ्या प्रकाशाच्या बटणांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ‘इन्फ्रारेड सिअर बर्नर’ मात्र दखलपात्र आहे. या बर्नरमध्ये ज्योत चिनी मातीच्या छिद्रांच्या फरशीला लालबुंद तापवते आणि ती फरशी पदार्थावर अवरक्त किरणांचा मारा करते, जेणेकरून मांसाचा पृष्ठभाग क्षणार्धात खरपूस व्हावा. असे केल्याने आतला रस कोंडला जातो, ही समजूत एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यापासून चालत आलेली असून ती पुढे प्रयोगांनी खोटी ठरली. खरपूस चवीचे श्रेय अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्या उष्णतेतील संयोगाला जाते, ज्याचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ माइयार यांनी १९१२ साली केले. भाकरीच्या पापुद्र्यावर पडणारे तपकिरी डाग हा त्याच क्रियेचा परिणाम असल्याने, मराठी घरात ही क्रिया माइयार यांच्या कितीतरी आधीपासून निनावी चालू होती, हे नोंदवून पुढे जाता येते.

या सर्व अलंकारांत सर्वांत दुर्लक्षित आणि पुस्तिकेत शेवटच्या पानावर छापलेली वस्तू म्हणजे ‘साइड बर्नर’. मुख्य ग्रिलच्या शेजारी, ओट्यात स्वतंत्र कोनाडा करून बसवलेला हा एक साधा गॅस बर्नर असून, बर्गर शिजत असताना शेजारी चटणीचे पातेले गरम ठेवावे, एवढीच त्याच्याकडून अमेरिकन अपेक्षा असते. मराठी चुलीचा जाणकार त्याला पाहताक्षणी ओळखतो, कारण हा तर वैल आहे. चुलीच्या बाजूला जोडलेले, तिचाच जाळ आतल्या वाटेने ओढून घेणारे आणि वरण किंवा भाजी मंद रटरटत ठेवणारे जे दुय्यम तोंड असे, त्याला वैल म्हणत. अमेरिकन घरांत स्वयंपाकघर दिवाणखान्याला उघडे असते आणि छताला धुराची सूचना देणारी घंटा टांगलेली असते. त्या घंटेला आगीचा धूर आणि मिरचीच्या फोडणीचा खकाणा यांतला फरक कळत नाही. त्यामुळे ठेचा, सुके बोंबील, कांद्याची भजी आणि खमंग फोडणी या सर्वांना घराबाहेर जागा हवी असते, आणि ती जागा वैलाइतकी कोणीच देत नाही. परिणामी मुख्य ग्रिलचे झाकण वर्षातील बहुतेक दिवस मिटलेले राहते आणि त्याच्या चकचकीत पाठीवर कोथिंबिरीची वाटी, मिठाचे भांडे व झारा ठेवण्याची सोय होते.

झाकण मिटलेले राहण्याचा एक उपसर्ग कोळ्यांचा होय. हवा आणि वायू यांचे मिश्रण करणाऱ्या बर्नरच्या अरुंद नळ्या लहान कोळ्यांना फार आवडतात, आणि तेथे जाळे झाले म्हणजे वायू अडून ज्योत उलट्या दिशेने पेटू शकते. म्हणून उत्पादक त्या तोंडांना बारीक जाळी लावतात आणि हंगामाच्या आरंभी नळ्या साफ करण्यास सांगतात. हमीपत्राचा मामला वेगळाच असतो. ‘मर्यादित आजीवन हमी’ या शब्दांत जीवन कोणाचे आणि मर्यादा कोणती, याचा अर्थ बारीक टायपात दिलेला असून, पत्रा आणि बर्नर यांना दीर्घायुष्य चिंतणाऱ्या या पत्रात ठिणगी पाडणाऱ्या कळीचे आयुष्य पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांवरच आटोपते. ती बंद पडल्यावर भारतातून येताना बॅगेत टाकलेला, ट्टक् असा आवाज करणारा स्वयंपाकघरातील लायटर कामास येतो, आणि त्याला कोणतीही हमी नसते.

एवढा सारा विचार करूनही ग्राहकाने प्रत्यक्षात काय निवडले, याचे उत्तर ग्रिल हे नसून कोनाडा हे आहे. जुन्या वाड्याच्या भिंतीतला कोनाडा उदार असे. त्यात पणती, देवाची तसबीर, काजळाची डबी किंवा कोणाची तरी कवळी यांपैकी काहीही बसे. ओट्यातला हा कोनाडा मात्र एका विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट नमुन्याच्या मापाने, इंचाच्या अपूर्णांकापर्यंत कापलेला असतो, आणि ३६ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या ग्रिलांना लागणारी पोकळी सारखी असतेच असे नाही. ओट्याचा सांगाडा लाकडी असेल तर मध्ये उष्णतारोधक धातूचे अस्तरही घालावे लागते, ज्यायोगे पोकळी आणखी मोठी होते. ग्रिल हे यंत्र आहे आणि काही वर्षांनी थकते. ग्रॅनाइट थकत नाही. तोवर तो नमुना बंद झालेला असतो, नवा नमुना पाऊण इंच रुंद निघतो, आणि मग ग्रिलसाठी दगड कापायचा की दगडासाठी ग्रिल शोधत फिरायचे, असा प्रश्न कुटुंबापुढे येतो, ज्याचे उत्तर बहुधा ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू’ असे असते.

त्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच्या काळात परसात जे दृश्य दिसते, ते चूल-संशोधकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. मधला थोरला कोनाडा झाकणाखाली गार पडलेला असतो, त्यातल्या नळ्यांत कोळी सुखाने नांदत असतात, आणि शेजारच्या लहान कोनाड्यात मात्र वांगे तडतडत भाजत असते, कारण एका वांग्यासाठी साठ हजार बीटीयू पेटवणे कोणत्याही सुगरणीच्या हिशेबात कधीच बसलेले नसते. जुन्या व्यवस्थेत वैलाला स्वतःचा जाळ नसे आणि चूल विझली की तोही निमूट विझत असे. या नव्या व्यवस्थेत चूल विझून दोन हंगाम झाले तरी वैल पेटलेला राहतो, आणि घरात कोणाला चुलीची आठवण झालीच, तर ती झाकणावरची कोथिंबिरीची वाटी उचलताना होते.